एकच गाडी, मग फरक कुठून?

इंडियानापोलिस ५०० ही २.५ मैलांच्या ट्रॅकवरची २०० फेऱ्यांची शर्यत. वळणं चार, चारही डावीकडे. २०१२पासून सगळ्यांची चॅसी डल्लाराची, टायर फायरस्टोनचे, इंजिन आता होंडा किंवा शेवरलेचं. मग संघांच्या हाती उरतं काय, ही शंका रास्त आहे. उत्तर गाडीच्या ठरवून केलेल्या वाकडेपणात आहे. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेरानं किंचित मोठं असतं (हा ‘स्टॅगर’), त्यामुळे गाडी आपसूक डावीकडे ओढ घेते. चारही चाकांचे माथे डावीकडे कललेले. उभी गाडी समोरून पाहिली तर कुठंतरी धडकून आल्यासारखी दिसते. सरळ पट्ट्यावर मात्र चालकाला स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून ठेवावं लागतं.

मागचा पंख जितका आडवा, तितका वेग जास्त आणि पकड कमी. पात्रता फेरीत गाडी एकटीच चार फेऱ्या धावते, तिथे हा जुगार परवडतो. शर्यतीत पुढच्या गाडीमागची हवा गढूळ असते, नाक वळेनासं होतं (अंडरस्टीअर). तिथे गाडीला खाली दाबणारा हवेचा जास्तीचा दाब हवाच. पण एकदा जुळलेली गाडीही ५०० मैल तशीच राहत नाही: इंधन घटतं, टायर झिजतात, ट्रॅक तापतो. म्हणून चाकांवरचा भार हलवणारा वेट जॅकर आणि अँटी-रोल बार चालकाच्या हाताशी असतात. पुढच्या पंखाचा कोन पिटमध्ये बदलतात.