'कोर्ट'मधले शाहीर वीरा साथीदार कोण होते?

२०१५ मध्ये भारताने ऑस्करसाठी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा सिनेमा पाठवला. त्यात शाहीर नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार व्यावसायिक अभिनेते नव्हते. ते नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक होते.

भूमिका काय होती?
कांबळे मुलांची शिकवणी घेतात आणि वस्त्यांमध्ये गाणी गातात. एका कार्यक्रमात गात असतानाच त्यांना अटक होते. आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. सुनावणीत मात्र वेगळंच समोर येतं. त्या कामगाराकडे सुरक्षेची साधनंच नव्हती. तरीही खटला चालत राहतो. जामिनावर सुटलेल्या कांबळेंना पुन्हा अटक होते.

अभिनय लक्षात का राहतो?
कोर्टात वकील बोलतात, न्यायाधीश पुढची तारीख देतात आणि ज्याच्यावर खटला आहे तो बहुतेक वेळ गप्प असतो. साथीदार ही शांतता ओरडून किंवा रडून भरून काढत नाहीत. स्टेजवर मात्र त्यांचा आवाज चढतो. चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागला नसावा.

पुढे काय झालं?
२०१४ मध्ये 'कोर्ट'ला व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले. नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. साथीदार मात्र नागपुरात राहून चळवळीचंच काम करत राहिले. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांचं निधन झालं.