दुपारी दोनचं जेवण, सकाळी साडेआठची मशीद

सर्जापूर रोडवर राहणाऱ्याला वेळेची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही. इब्लूरच्या चौकातून दोड्डकन्नेल्लीकडे निघालेली गाडी संध्याकाळी किती वाजता घरी पोचेल, हे ड्रायव्हरही छातीठोक सांगत नाही. इथल्या मराठी घरांतून साधारण एकच चित्र दिसतं: दोघंही नोकरीत, पगार बरे, रजा मोजून मापून. त्यामुळे युरोपचा विषय निघाला की ‘आठ दिवसांत पाच देश’ छापाची सहल पटकन पसंत पडते. वेळ वाचतो, पैसे जातात. पाठीवर सॅक टाकून पोर्तुगाल आणि स्पेनच्या शहरांतून हिंडायचं आम्ही ठरवलं, तेव्हा हा हिशेब उलटा मांडावा लागला.

युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला असताना ‘स्वस्त युरोप’ हे शब्द थट्टेसारखेच वाटतात. तरी हे दोन देश पश्चिम युरोपातले त्यातल्या त्यात परवडणारे. वसतिगृहातली एक खाट साधारण २० ते ३५ युरोंत मिळते, पोर्तुगालमध्ये उभ्याने घेतलेली कॉफी युरोच्या आसपास पडते. पण खरी बचत याहून वेगळ्या ठिकाणी होते. ती होते तिथल्या घड्याळाशी जमवून घेतल्यावर. आणि वाचत गेलं तसं लक्षात आलं, की त्या घड्याळाचे बरेचसे काटे कुणा ना कुणा सरकारने कधीतरी मुद्दाम फिरवून ठेवलेले आहेत.

सुरुवात व्हिसापासून. दोन्ही देश १९८६ च्या १ जानेवारीला युरोपीय समुदायात आले आणि २६ मार्च १९९५ पासून त्यांच्यामधली हद्द प्रवाशापुरती पुसली गेली. म्हणून एकच शेंगेन व्हिसा पुरतो. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिकडे. गंमत अशी, की सॅकवाल्या प्रवासाची सगळी मजा ‘उद्याचं उद्या बघू’ यात असते आणि व्हिसाच्या फायलीला मात्र प्रत्येक रात्रीचा मुक्काम आगाऊ लागतो. यावर सगळे एकच तोड काढतात: फुकटात रद्द होणारी बुकिंगं. नियमाप्रमाणे सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हा अवधी हातात असलेल्याला विमानाचं तिकीटही बऱ्या दरात मिळतं. आयत्या वेळी ठरवणाऱ्याची अर्धी बचत बेंगळुरूतच संपलेली असते.

दिशा ठरवताना आम्ही लिस्बनला उतरून सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रनादा, माद्रिद असं चढत जायचं आणि सालामांकावरून पोर्तोला परतायचं ठरवलं. नकाशावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात शेजारच्या दोन राजधान्यांमध्ये आज थेट आगगाडी नाही. लिस्बन-माद्रिदची रात्रीची ‘लुसितानिया’ आणि फ्रान्सच्या हद्दीपर्यंत जाणारी ‘सुद एक्सप्रेस’, दोन्ही मार्च २०२० मध्ये साथीपायी थांबल्या, त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. त्याच स्पेनमध्ये अतिवेगवान रेल्वेचं युरोपातलं सर्वांत लांब जाळं आहे! १९९२ साली माद्रिद-सेव्हिल मार्गाने त्याची सुरुवात झाली. २०२१ मध्ये ‘विगो’ आणि २०२२ मध्ये ‘इर्यो’ या नव्या कंपन्या रुळांवर आल्यावर सरकारी रेल्वेशी त्यांची चढाओढ लागली आणि आधी काढलेली तिकिटं कितीतरी उतरली. आमच्या वाटेने हद्द ओलांडायला मात्र बसच. लिस्बनहून सेव्हिलला सहा-सात तास लागतात.

बसच्या तिकिटावर पोचायची वेळ बघून नवखा माणूस चक्रावतो, कारण वाटेत एक तास हरवतो. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे. सूर्याच्या हिशेबाने स्पेननेही लंडनची वेळ पाळायला हवी. माद्रिद तर ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे. पण मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीने काटे एक तास पुढे सरकवून बर्लिनशी जुळवले. युद्ध संपलं, हुकूमशहा गेला, काटे तिथेच राहिले. पोर्तुगालनेही १९९२ मध्ये युरोपशी जवळीक म्हणून हीच वेळ घेऊन पाहिली आणि चार वर्षांत सोडून दिली. स्पेनमध्ये जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, दुपारचं जेवण दोनला सुरू होतं आणि रात्रीचं नऊच्या आधी मागितलं तर वेटर कीव करतो, ते बरंचसं यामुळे. सगळा दोष फ्रँकोच्या काट्यांवर ढकलणं बरोबर नाही, जेवणाच्या वेळा इतरही कारणांनी सरकल्या; पण उन्हाचा आणि पोटाचा मेळ तिथे वेगळाच बसतो एवढं खरं.

त्या दोनच्या जेवणातच खरा फायदा आहे. सोमवार ते शुक्रवार स्पेनमधल्या जवळजवळ प्रत्येक साध्या खानावळीबाहेर खडूने लिहिलेली पाटी असते: ‘मेनू देल दिया’. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून १२ ते १६ युरोंत. हीच थाळी रात्री सुटी मागवली तर बिल सहज दुप्पट. हा प्रकार लोकांच्या चालीरीतीतून आपसूक आलेला नाही. मनुएल फ्रागा हे फ्रँकोचे माहिती आणि पर्यटन मंत्री. पर्यटकांचे लोंढे येऊ लागले तेव्हा त्यांच्या खात्याने १९६४ मध्ये हॉटेलांना ‘पर्यटक मेनू’ ठेवायला लावला. परदेशी पाहुण्याला ठरलेल्या दरात स्पॅनिश जेवण मिळावं, हा हेतू. झालं भलतंच. पाहुण्यांपेक्षा गवंडी, कारकून, बँकेतले लोक तो खाऊ लागले आणि नावातला पर्यटक गळून ‘आजचा मेनू’ उरला. आता कायद्याची सक्ती उरलेली नाही, पण पाटी लावली नाही तर दुपारचं गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून ती लागते.

शाकाहारी मंडळींनी थोडं सावध राहावं. भाजीच्या सुपात डुकराच्या मांसाचे तुकडे घालणं तिथे मांसाहार समजला जात नाही. कॉर्दोबाचं ‘साल्मोरेखो’ म्हणजे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं थंडगार, दाट सार. त्यावर हॅमची भुरभुर असते, ती आधीच नको म्हणावी लागते. सेव्हिलमध्ये मात्र ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मिळतो. पालक आणि काबुली चणे, वर जिऱ्याचा स्पष्ट वास. छोट्या मातीच्या वाडग्यात, तेलाचा तवंग धरून, गरम येतो. पहिल्या घासाला आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचे दिवस दुसरं काही शोधलंच नाही. ग्रनादात तर पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी फुकट देण्याची रीत अजून टिकून आहे. दोन ठिकाणी बसलं की रात्रीचं जेवण उरकतं.

पोटाचं झालं, आता डोळ्यांचं. माद्रिदचं प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतं, रविवारी पाच ते सात. रांग लांब दिसते, पण भराभर सरकते. दोन तासांत संपूर्ण प्रादो पाहायचा हट्ट धरू नये. वेलाझकेझ आणि गोया एवढ्यासाठीच जावं. पिकासोचं ‘गेर्निका’ जिथे आहे त्या रेना सोफियातही संध्याकाळी असेच मोफत तास आहेत. हे चित्र १९८१ मध्ये न्यूयॉर्कहून स्पेनला आलं, कारण लोकशाही येईपर्यंत ते पाठवू नये अशी पिकासोचीच अट होती.

सगळ्यांत भारी सवलत कॉर्दोबाची. तिथल्या जुन्या मशिदीत, म्हणजे आजच्या कॅथेड्रलमध्ये, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिकीट लागत नाही. गटांना तेव्हा मज्जाव असतो, त्यामुळे गाईडची छत्रीही नसते. ७८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या वास्तूत आठशेहून अधिक खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. सकाळचं तिरपं ऊन एका बाजूने शिरतं आणि खांब मोजायचा विचार आपोआप सुटतो. मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं भलंमोठं चर्च आहे. आपल्याकडे एका धर्माच्या वास्तूवर दुसऱ्याने काय केलं यावरची भांडणं आपण रोज वाचतो. इथे दोन्ही एकाच छताखाली उभ्या आहेत. तरी तेही भांडण मिटलेलं नाही. मुसलमानांना तिथे नमाजाला आजही परवानगी नाही.

ग्रनादाचा अलांब्रा हा जुना राजवाडा मात्र काही सवलत देत नाही. रोजचा आकडा ठरलेला, तिकिटावर नाव, हातात पासपोर्ट आणि नस्रिद महालात शिरायची वेळ मिनिटावर. आधी तिकीट काढा, मग मुक्काम ठरवा, असा उलटा क्रम इथे पाळावा.

माद्रिदहून दिवसात जाऊन येण्याजोगं आविला आमच्या यादीत आलं ते सर्जापूर रोडमुळे. आमच्याकडचं रेल्वे स्टेशन कार्मेलाराम, आणि त्या नावामागे कार्मेलाईट संन्यासी आहेत. या पंथाची कडक, अनवाणी शाखा आविलाच्या तेरेसाने १५६२ मध्ये उभी केली. अडीच किलोमीटरचा तट आजही गावाभोवती शाबूत आहे. तेरेसा आणि गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे ते फ्रान्सिस झेवियर, दोघांना संतपद मिळालं एकाच दिवशी, १२ मार्च १६२२ ला. सालामांकाच्या विद्यापीठात शिकलेला आणखी एक माणूस आपल्या बाजूचा म्हणायला हरकत नाही: गार्सिया द ओर्ता. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, स्वतः वैद्य. त्याने गोव्यात १५६३ मध्ये भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापला आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.

लिस्बनमध्ये मराठी माणसाने कमी पैशांत काय पाहावं, तर माझी यादी बेलेंच्या मनोऱ्यापासून सुरू होत नाही. आल्फामा या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला साओ विसेंते द फोरा हा मठ आहे. तिथल्या राजघराण्याच्या दफनगृहात कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा आहे, जिच्या १६६१ च्या लग्नकरारात मुंबई आंदण गेली. बेट प्रत्यक्ष हवाली करायला पोर्तुगीज व्हाइसरॉयने इतकी खळखळ केली, की इंग्रजांच्या हाती ते १६६५ मध्ये पडलं. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मठामागे जुन्या बाजारात पितळेच्या वस्तू आणि फुटक्या अझुलेजो फरशा मांडलेल्या असतात. भाव करता येतो.

दुसरी जागा पाहता येत नाही, फक्त खिडकीतून जाते. काइश दु सोद्रेहून काश्काइशच्या समुद्राकडे जाणारी लोकल सगळे बॅकपॅकर पकडतात. वाटेत काशियास नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या टेकडीवरच्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे होते. आझाद गोमंतक दलाचे हे कार्यकर्ते ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती इथल्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, पुढे पोर्तुगालला नेले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे झाले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला; तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते त्यानंतर, १९७४ च्या शेवटी झालेल्या करारात, आणि भारताच्या बाजूने त्यावर सही परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या सैनिकांनी हुकूमशाही उलथवली नसती तर ती सही तेव्हा झालीच नसती. काशियास आजही तुरुंगच आहे, म्हणून उतरून काही हाती लागत नाही. त्या काळचं पाहायचं असेल तर लिस्बनच्या कॅथेड्रलशेजारी आल्जुब संग्रहालय आहे, पूर्वीचा राजकीय कैद्यांचा तुरुंग. २८ नंबरची ट्राम दारावरून जाते. तिथे रांगेत उभे असलेले बहुतेक जण संग्रहालयासाठी नाही, ट्रामसाठीच उभे असतात.

राहता राहिला मुक्कामाचा प्रश्न, आणि तो फक्त आपल्या खिशाचा नाही. लिस्बनने सप्टेंबर २०२४ पासून पर्यटक कर माणशी रात्रीला ४ युरो केला, पोर्तोने त्याच वर्षी ३. स्वस्त खाटेवर हा बोजा टक्क्यांत मोठा बसतो, पण कुरकुर करण्यात अर्थ नाही. आल्फामातल्या म्हाताऱ्या भाडेकरूंची घरं पर्यटकांच्या खोल्या झाली. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये लोकांनी हॉटेलांत बसलेल्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या; त्याआधीच जूनमध्ये महापौरांनी दहा हजारांवर पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचं जाहीर केलं. आपण जास्त पगार घेऊन बेल्लंदूर-कसवनहळ्ळीत आलो तेव्हा तिथल्या भाड्यांचं काय झालं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे अख्ख्या सदनिकेपेक्षा वसतिगृह किंवा जुनं ‘पेन्साओ’, म्हणजे साधं लॉज, घ्यावं. सदनिकाच घ्यायची झाली तर पोर्तुगालमध्ये दाराशी ‘एएल’ ही अक्षरं असलेली पाटी आहे का बघावं आणि जाहिरातीतला नोंदणी क्रमांक पैसे भरण्याआधी मागून घ्यावा.