वऱ्हाडातली परकी बाई

वऱ्हाडात साहेब आले ते सत्तेसाठी आणि कापसासाठी. १८५३च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७मध्ये आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रॅली, फोल्कार्ट असल्या परदेशी पेढ्या खामगावच्या बाजारात माल घेऊ लागल्या. अधिकारी अमरावतीच्या कॅम्पात राहत, ऊन सोसेनासं झालं की चिखलदरा गाठत. लायलसाहेबाने १८७०मध्ये वऱ्हाडचं गॅझेटियर सिद्ध केलं. मोठ्या मेहनतीचं काम आहे ते, पण त्यातला वऱ्हाड कचेरीतून पाहिलेला आहे.

याच मुलखात एक अमेरिकन बाई कचेरीच्या बाहेर राहिली. जेनी फ्रो हे त्यांचं माहेरचं नाव. ओहायोतून निघून १८७०च्या दशकात त्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला आल्या. अल्बर्ट नॉर्टन यांच्या छोट्या मिशनचं काम तिथे चाले. मार्कस फुलर या मिशनऱ्याशी लग्न झाल्यावर दोघांनी अकोल्यात संसार मांडला.

हा संसार कसल्या मुलखात होता, ते इथे उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो; वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडत दुपार ढकलायची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पावसाळ्यात काळी माती दमणीच्या चाकांना अशी धरते की बैल हटून उभे राहतात आणि गावंच्या गावं तुटतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाठ केला तरी बाजारात कानावर पडणार ‘मले’, ‘तुले’ आणि ‘काहून’.

बायकांना भेटायचं तर पुरुष शेतावर गेल्यावर, दुपारचं. त्या काळी परधर्माच्या बाईला ओसरीपर्यंत मुभा, चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी नाही. पण ज्या गोष्टी सुनेला सासूसमोर बोलता येत नाहीत, त्या नात्यागोत्यात नसलेल्या बाईपाशी बोलता येतात. गावाबाहेरची असण्याचा एवढा एक फायदा जेनीबाईंना होता आणि त्यांनी तो वाया घालवला नाही, असं मला त्यांचं पुस्तक वाचताना सारखं वाटतं. ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे ते इंग्रजी पुस्तक १९००मध्ये न्यूयॉर्कला निघालं. बालविवाह, सक्तीचं वैधव्य, मुरळ्या, देवदासी आणि १८९१चा संमतिवयाचा कायदा हे त्याचे विषय. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची.

पुस्तक निघालं तेव्हा वऱ्हाड विक्रम संवतातल्या छप्पनच्या दुष्काळात होरपळत होता. फुलर दांपत्य ज्या अलायन्स मिशनमध्ये सामील झालं होतं, त्याने अकोल्यात मुलांना आणि खामगावात मुलींना आसरा दिला. धर्मांतराचा हेतू त्यामागे होताच, तो कुणी लपवलाही नव्हता. भुकेल्या पोराच्या ताटात अन्न पडलं हेही तितकंच खरं. यातलं एक सांगून दुसरं गाळणं मला पटत नाही.

पुस्तकाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. जेनीबाईंना बाईच्या दुःखाचं मूळ हिंदू धर्मात दिसलं आणि उपाय त्यांच्या धर्मात. घरोघर फिरलेल्या बाईनेही निदान मात्र सोबत आणलेलंच केलं. त्याच वऱ्हाडातल्या, अकोल्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हे निदान आधीच खोडून ठेवलं होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर गर्भहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रं सगळ्या स्त्रीजातीवर तुटून पडली, तेव्हा संतापून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती पटीने आहे, हे त्यांनी रोखठोक दाखवलं. शास्त्रं आणि रूढी कुणी घडवल्या, कुणाच्या सोयीसाठी, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी बोट ठेवलं ते पुरुषाच्या सत्तेवर, आणि ती सत्ता कुठल्या एका धर्माची मिरास नव्हे.

जेनीबाईंमागे हेलन डायर यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. त्याच्या नावातच ‘अकोला आणि मुंबईच्या मिसेस फुलर’ असा उल्लेख आहे. अमेरिकेतून आलेल्या बाईची ओळख अकोल्याच्या नावाने परदेशी वाचकांपर्यंत गेली. ताराबाईंवर मात्र त्यांच्या काळात टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ विस्मरणात गेलं. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे मराठी वाचकांना बुलढाण्याच्या या बाईचं नाव कळलं.