'आयदर' की 'फॉर्मर'?

खात्यावर दोन नावं असली की दोघांचा हक्क सारखाच, असं आपण धरून चालतो. बँकेत लागेपर्यंत मीही तेच समजत होतो. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्याचा. फरक एका शब्दाचा.

एका शेतकऱ्याने अर्जावरचं 'फॉर्मर' वाचून हसत विचारलं, "हे आम्हा शेतकऱ्यांसाठीच ना, साहेब?" काउंटरवर गर्दी होती. मी न ऐकताच मान डोलावली.

दोन वर्षांनी त्याची बायको आली. नवरा दवाखान्यात बेशुद्ध, ऑपरेशनला पैसे हवेत. पासबुकावर तिचंही नाव. "माझंच खातं ना, साहेब?" मला उत्तर देववेना. शाखेतल्या आम्ही चौघांनी खिशातून पैसे गोळा करून दिले. तो वाचला. बरा झाल्यावर आधी बँकेत येऊन त्याने तो शब्द बदलून घेतला.

पुढे कादंबऱ्या लिहिताना एकेका शब्दासाठी मी रात्री जागवल्या. पण इतका महाग शब्द पुन्हा भेटला नाही. कपाटातून पासबुक, ठेवीची पावती काढा आणि दोघांनी मिळून तेवढा एक शब्द वाचा.