न ऐकू येणारा खर्ज

आमच्या खारघरच्या सोसायटीत रात्री गेटपाशी उभं राहिलं, की वॉचमनच्या वॉकीटॉकीतून शेजारच्या सोसायटीचा सगळा कारभार ऐकू यायचा. टँकर आला, पंप बंद करा, बी विंगची लिफ्ट अडकली. बी विंग आमच्याकडेही आहे, त्यामुळे आमचा माणूस दोनदा उगाच धावला. दोन्हीकडची यंत्रं एकाच चॅनलवर होती. मला यातलं थोडंफार कळतं असा कमिटीचा समज. मी मेनूत शिरून सगळ्या यंत्रांना ८८.५चा टोन लावला आणि शेजार एकदम गप्प झाला. ‘आता आपलं बोलणं खासगी,’ असं सेक्रेटरींनी जाहीर केलं. गफलत झाली ती इथे.

वॉकीटॉकीत स्क्वेल्च नावाचा एक दरवान असतो. सिग्नल नसताना तो स्पीकर बंद ठेवतो, नाहीतर दिवसभर खरखर ऐकत बसावं लागेल. हा दरवान भोळा असतो. चॅनलवर कोणीही आलं की दार उघडतो. टोन लावला की तो खूण विचारू लागतो. बोलणाऱ्याचं यंत्र आवाजाखाली एक बारीक, अखंड सूर सोडत राहतं, ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी. तो जुळला तरच स्पीकर सुरू होतो. कान हा सूर ऐकू शकत नाही असं मुळीच नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९.३ हर्ट्झचा, आणि टोनच्या यादीत नेमका ६९.३ सुद्धा आहे! पण वॉकीटॉकी ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळूनच आवाज स्पीकरला देते, म्हणून तो खर्ज आपल्यापर्यंत पोचत नाही.

म्हणजे टोन हे कुलूप नव्हे, आपल्याच कानात घातलेला बोळा आहे. शेजाऱ्यांनी टोन लावलेला नव्हता, त्यामुळे आमचं सगळं त्यांना पूर्वीसारखंच ऐकू जात होतं. मोटोरोलाने या सोयीला ‘प्रायव्हेट लाइन’ असं व्यापारी नाव दिलं होतं. दोष एकट्या आमच्या सेक्रेटरींना कसा द्यायचा?

बोळ्याचा दुसरा ताप आठवड्याभरात कळला. शेजारी बोलत असताना आमच्या लोकांना चॅनल मोकळा वाटे, ते बटण दाबत आणि दोघांच्या बोलण्याचा चेंदा होई. यावर उपाय यंत्रातच असतो: बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबून कानोसा घ्यायचा, किंवा चॅनल व्यस्त असताना बोलूच न देणारी सेटिंग चालू करायची.

टोन ओळखायलाही यंत्राला क्षणभर लागतो. मागच्या गेटवरून वॉचमनने बटण दाबता दाबताच ओरडून सांगितलं, ‘मत छोडना टँकर को!’ पुढच्या गेटवर पोचलं ते ‘छोडना टँकर को’. टँकर गेला. तेव्हापासून बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला, असा नियम आहे.

टोन निवडताना १०० हर्ट्झ शक्यतो टाळावा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर नेमकी १००वर येते. शिवाय मेनूतल्या क्रमांकावर विसंबू नये. एका कंपनीचा आठवा टोन दुसऱ्या कंपनीचा आठवा असेलच असं नाही. हर्ट्झचा आकडा जुळवावा.

हौशी रेडिओवाल्यांना हा खर्ज अंतराळातही लागतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर त्यांच्यासाठी रिपीटर आहे. १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन लावून बोललं, तर आवाज ४३७.८००वर खाली येतो. टोन विसरलात तर वरून काहीच येत नाही. त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. गेटवरच्या वॉकीटॉकीला मात्र ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, कमी शक्तीची असेल तर परवाना लागत नाही. ऑनलाइन घेताना हा आकडा बघावा. याच कारणावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या होत्या.

या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झचे सोळा चॅनल बसतात. शेवटी शेजारच्या सेक्रेटरींना चहाला बोलावलं आणि वाटणी केली: ते तीनवर, आम्ही अकरावर. ८८.५ मात्र तसाच ठेवलाय. समोरच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहतोय, आणि तिथल्या सुपरवायझरच्या कमरेलाही वॉकीटॉकी दिसली.