खडकाचा सांगावा: सागरी डिंभांच्या रूपांतराचा मागोवा

सागरी प्राण्यांच्या डिंभांबद्दल, म्हणजे प्रौढ रूप घेण्याआधीच्या तरंगत्या पिल्लांबद्दल, शंभर वर्षांपूर्वी एक समज रूढ होता: प्रवाह नेईल तिथे टेकायचं, जागा मानवली तर जगायचं, नाही तर मरायचं. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत डग्लस विल्सन यांनी १९३०च्या दशकापासून या समजाला सुरुंग लावला. मनाजोगी वाळू मिळेपर्यंत काही सागरी कृमींचे डिंभ रूपांतर लांबणीवर टाकतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग जागेची खूण कोणती, हा शोध सुरू झाला. १९५३मध्ये नाइट-जोन्स यांनी दाखवलं, की खडकांना चिकटून जगणाऱ्या बार्नॅकलचे डिंभ आपल्याच जातीच्या शेजाराला वस्ती करतात. १९६२मध्ये क्रिस्प आणि मेडोज यांनी प्रौढ बार्नॅकलचा अर्क पृष्ठभागांवर चढवला, तर डिंभ तिथेही बसले. बार्नॅकलचा शेवटच्या अवस्थेतला डिंभ, म्हणजे सायप्रिड, काहीच खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतो. दोन स्पृशिकांवर अक्षरशः चालत तो जागा चाचपतो, मागे प्रथिनांचे ठसे सोडतो. जागा पसंत पडली, की चिकट स्राव सोडून डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचं जखडून घेतो.

१९७९मध्ये कॅलिफोर्नियात मोर्स आणि सहकाऱ्यांनी ‘गाबा’ या रेणूने अ‍ॅबलोन शंखाच्या डिंभांचं रूपांतर घडवलं. आपल्या मेंदूतही संदेशवहन करणारा हा साधा रेणू! एकाच रसायनात सगळं कोडं सुटेल, अशी आशा त्यातून बळावली.

पुढच्या संशोधनाने मात्र बोट दाखवलं ते जिवाणूंकडे. २०११मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या चुनखडी शैवालावरील जिवाणूंपासून टेट्राब्रोमोपायरोल हे रसायन मिळालं. त्याने प्रवाळाच्या डिंभांचं रूपांतर झालं खरं, पण बरेचसे डिंभ तळाला न चिकटताच बदलले. २०१४मध्ये हायड्रॉइडिस या नळीकृमीचं गूढ उकललं. तिथे तर संदेशाचं वाहन एखादा सुटा रेणू नव्हताच. विषाणूच्या शेपटीसारख्या, आकुंचन पावणाऱ्या सुमारे शंभर नळ्यांची जुडीच एक जिवाणू तयार करत होता.

आठ दशकांच्या या शोधातून मला एक गोष्ट ठामपणे पटली आहे. खडकावरचा जिवाणूंचा बुळबुळीत थर ही घाण नव्हे, पुढच्या पिढीला दिलेलं आमंत्रण आहे. पाणी ३२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, तेव्हा शैवालावरचे जिवाणू बदलले आणि प्रवाळाच्या डिंभांचं रूपांतरही घटलं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून प्रवाळ वाचवायचे, तर केवळ त्यांचे डिंभ वाढवून भागणार नाही. त्यांना ‘इथेच थांब’ म्हणणारे हे सूक्ष्म जीवही जगवायला हवेत.