विद्यार्थि-निधीची वाटणी आणि दृष्टिकोन-निरपेक्षतेचे तत्त्व

विद्यापीठातील विद्यार्थि-संघटनांना अनुदान कोणी व कसे द्यावे, हा प्रश्न वरकरणी केवळ हिशेबाचा व नियमावलीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या तळाशी राज्यशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. सर्वांकडून सक्तीने घेतलेला पैसा बहुमताने निवडलेल्या मंडळाने वाटावयाचा झाल्यास अल्पमताच्या वाट्यास काय यावे, हा तो प्रश्न होय. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांत तो एकाहून अधिक वेळा न्यायालयांपुढे गेला आणि त्यातून वाटपाची एक निश्चित पद्धती आकारास आली. प्रस्तुत लेखात मुख्यतः विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील उदाहरणाच्या आधारे त्या पद्धतीचे स्वरूप व तिच्या मर्यादा पाहावयाच्या आहेत.

प्रथम पैसा येतो कोठून, ते पाहू. आपल्याकडील जिमखाना-शुल्काशी परिचित असलेल्या वाचकास ही व्यवस्था अगदीच अपरिचित वाटणार नाही. मॅडिसन येथे शिकवणीच्या शुल्काहून वेगळे असे एक शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतले जाते. १९९५-९६ या शैक्षणिक वर्षी ते ३३१.५० डॉलर होते. त्यातील सुमारे ८० टक्के भाग आरोग्यसेवा, विद्यार्थि-भवनाची देखभाल, अंतर्गत क्रीडास्पर्धा अशा आवर्ती खर्चासाठी राखलेला असे. उरलेल्या सुमारे २० टक्क्यांच्या विनियोगात मात्र विद्यार्थ्यांच्या निर्वाचित मंडळाचा प्रमुख वाटा असे. त्या वर्षी मॅडिसनमध्ये ६२३ नोंदणीकृत संघटना होत्या. संघटना नफ्यासाठी चालविलेली नसावी, तिचे सभासद प्रामुख्याने विद्यार्थी असावेत आणि तिचे कार्य विद्यार्थिजीवनाशी संबद्ध असावे, एवढ्याच नोंदणीच्या मुख्य अटी होत्या.

अशा संघटनेस पैसा मिळविण्याचे तीन मार्ग होते. दोन मार्ग विद्यार्थि-मंडळाच्या व त्याच्या अर्थसमितीच्या हाती असलेल्या दोन निरनिराळ्या निधींचे होते. तिसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या सार्वमताचा. मंजूर झालेली रक्कम एकदम हाती दिली जात नसे. छपाई, टपाल, कार्यालयीन साहित्य यांसारखा खर्च झाल्यावर पावत्या सादर कराव्या लागत व त्यानंतर प्रतिपूर्ती होई. देणग्या, कायदेशीर सल्ल्याचा खर्च, तसेच पक्षीय राजकारणाची वा धार्मिक स्वरूपाची कार्ये यांसाठी पैसा मिळत नसे. विद्यार्थ्यांचा निर्णय हा अंतिम शब्दही नव्हता. राज्याच्या कायद्याने शुल्काच्या विनियोगाची जबाबदारी विद्यार्थ्यांवर सोपविली होती. परंतु ती परिसराचे प्रमुख असलेल्या चॅन्सेलरांशी विचारविनिमय करून आणि विद्यापीठाच्या रीजंट मंडळाच्या अंतिम मान्यतेच्या अधीन राहून. विद्यार्थि-मंडळाने घेतलेला निर्णय अशा रीतीने राज्यसंस्थेचा निर्णय ठरतो आणि म्हणूनच त्यास राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचे बंधन लागू होते. खाजगी विद्यापीठांस हे बंधन त्याच अर्थाने लागू नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

या बंधनाचा पहिला महत्त्वाचा कस व्हर्जिनिया विद्यापीठात लागला. तेथे प्रत्येक सत्रास १४ डॉलर शुल्क घेतले जाई आणि त्यातून विद्यार्थि-संघटनांच्या छपाईची बिले भागविली जात. ख्रिस्ती दृष्टिकोनातून लिहिणाऱ्या एका विद्यार्थि-नियतकालिकाने ५,८६२ डॉलरचा छपाई-खर्च मागितला. तो धार्मिक कार्य म्हणून नाकारण्यात आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. इतर मतांच्या नियतकालिकांचा खर्च द्यावयाचा आणि केवळ दृष्टिकोन धार्मिक आहे म्हणून एकास वगळावयाचे, हा भेद न्यायालयास मान्य झाला नाही. राज्याने धर्मप्रचारास प्रत्यक्ष पैसा पुरविणे घटनाबाह्य होय, असे अल्पमतातील चार न्यायाधीशांचे म्हणणे होते.

व्हर्जिनियात तक्रार होती ती पैसा न मिळालेल्यांची. मॅडिसनमध्ये तक्रार केली ती पैसा देणाऱ्यांनी. १९९६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी असा दावा मांडला की, ज्या संघटनांचे राजकीय व वैचारिक कार्य आपल्याला मुळीच मान्य नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडून सक्तीने पैसा घेणे हा सदसद्विवेकावर आघात आहे. खालच्या दोन्ही न्यायालयांत त्यांना यश मिळाले. कामगार-संघटनेच्या वर्गणीसंबंधीच्या १९७७ च्या निर्णयाचा (हा निर्णय पुढे २०१८ मध्ये रद्दबातल ठरला) त्यांना आधार होता. त्यानुसार संघटनेच्या मूळ कार्याशी संबद्ध नसलेल्या वैचारिक खर्चासाठी वर्गणी सक्तीने घेता येत नसे. परंतु विद्यापीठाचे मूळ कार्यच नानाविध विचारांची देवाणघेवाण हे असेल, तर कोणता विचार त्याच्याशी असंबद्ध म्हणावयाचा? ही कसोटी विद्यापीठास लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये ठरविले व खालचा निर्णय फिरविला. शुल्क सक्तीने घेता येईल. परंतु त्याचे वाटप दृष्टिकोन-निरपेक्ष असले पाहिजे. विरोधकास मिळणारे संरक्षण पैसा परत मिळण्यात नाही, तर त्याच्या स्वतःच्या मतासही तोच दरवाजा त्याच अटींवर खुला राहण्यात आहे.

या निर्णयातील सर्वांत उद्बोधक भाग सार्वमताविषयीचा आहे. १९९५-९६ मध्ये एका संघटनेस सार्वमताने ४५,००० डॉलर मिळाले होते. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्यास यात आक्षेपार्ह असे काही दिसणार नाही. पैसा विद्यार्थ्यांचा, मतही विद्यार्थ्यांचे. न्यायालयास मात्र नेमकी हीच पद्धती शंकास्पद वाटली. अल्पमतासही बहुमताइतकाच मान मिळावा, हे निरपेक्षतेचे मर्म. त्याच्या जागी बहुमताचा कौल बसविला की ते तत्त्वच नाहीसे होते. एवढ्या भागापुरते प्रकरण पुनर्विचारार्थ खाली पाठविण्यात आले.

पुढे असा प्रश्न निघाला की, विद्यार्थि-मंडळ निरपेक्षपणेच वागेल याची शाश्वती काय? सदस्यांच्या सदिच्छेवर हे सोडणे पुरेसे आहे काय? सातव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले. निर्णय घेणाऱ्यास अनिर्बंध स्वेच्छाधिकार नसणे, हा निरपेक्षतेचाच एक भाग होय, असे त्याने म्हटले. तोपर्यंत विद्यापीठाने आपले नियम सुधारले होते. लेखी निकष, खुल्या बैठका, निर्णयाची कारणे आणि अपिलाची सोय यांमुळे ते बव्हंशी मान्य झाले. दोन निकष मात्र न्यायालयाने अमान्य केले: संघटना किती वर्षांपासून अस्तित्वात आहे हा एक आणि मागील वर्षी तिला किती पैसा मिळाला हा दुसरा. अर्थसमितीत बसलेल्या कोणासही हे दोन निकष अगदी निरुपद्रवी वाटतील. गतवर्षीचा आकडा पुढे ठेवूनच बहुतेक अंदाजपत्रके तयार होतात. परंतु ज्या मतांना पूर्वी लोकप्रियता होती, त्यांच्याच संघटना जुन्या असतात व त्यांनाच पूर्वी पैसा मिळालेला असतो. गतवर्षीचा आकडा म्हणजे गतकाळातील बहुमताचा संचित कौल होय. आजच्या बहुमतास दारातून बाहेर काढून कालच्या बहुमतास खिडकीतून आत घेण्यासारखेच ते झाले.

निरपेक्षता म्हणजे समान वाटप नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. दहा सभासदांच्या वाचनमंडळास आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिकवणी देणाऱ्या केंद्रास सारखीच रक्कम द्यावी, असे कोणी म्हणत नाही. प्रत्यक्ष खर्चाची गरज, कार्यक्रमाची व्याप्ती, पूर्वीच्या हिशेबांतील चोखपणा यांचा विचार करण्यास समिती मोकळी आहे. तिने विचारू नये असा प्रश्न एकच: यांचे म्हणणे आम्हांस पटते काय?

अर्थात तत्त्वाच्या शब्दांचे पालन करूनही त्याचा आशय डावलता येतो. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०१५ मध्ये एका विद्यार्थि-नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या उपहासलेखामुळे मोठा क्षोभ झाला. प्रशासनाने त्याचा जाहीर निषेध केला आणि त्याच सुमारास विद्यार्थि-मंडळाने सर्वच मुद्रित नियतकालिकांचे अनुदान बंद केले. नियम सर्वांना सारखाच लागू होता, त्यात कोणाचे नाव नव्हते. परंतु तो कोणासाठी केला गेला, हा प्रश्न उरलाच. खालच्या न्यायालयाने फेटाळलेला त्या नियतकालिकाचा दावा नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा उभा केला. एकाचे तोंड बंद करण्यासाठी सर्वांचीच तोंडे बंद करणे, यास निरपेक्षता म्हणावे काय, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा.

वरील विवेचनावरून एक गोष्ट दिसून येते. विद्यार्थि-मंडळ हे प्रतिनिधिक असते ते त्याच्या निवडणुकीपुरते. निधीची वाटणी करताना त्याने प्रतिनिधीची नव्हे, तर विश्वस्ताची भूमिका स्वीकारावयाची असते. ज्या मतांवर आपण निवडून आलो, तीच मते बैठकीच्या खोलीबाहेर ठेवावयाची, हे वीस वर्षांच्या तरुणास सोपे नाही. प्रौढांसही ते क्वचितच साधते. म्हणूनच निकष लेखी हवेत, बैठक खुली हवी, नकाराची कारणे नोंदलेली हवीत आणि नकार मिळालेल्यास दाद मागण्यास जागा हवी. हे सर्व केवळ कार्यालयीन सोपस्कार नव्हेत. ज्यास आपले मत या परिसरात कोणासच रुचत नाही हे ठाऊक आहे, त्या एकट्या विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्काचा तोच खरा मोबदला होय.